शाळकरी क्रिकेटमधला सर्वात भारी संघ कोणता? शारदाश्रम ८८ आणि बाकीचे दावेदार

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त मधले खोकले आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

आजचा विषय भांडणाचा आहे. दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी सहानंतर बसा आणि सहज विचारा, "काय हो, शाळकरी क्रिकेटमधला आजवरचा सर्वात भारी संघ कोणता?" एक जण लगेच म्हणणार, "हा काय प्रश्न झाला? शारदाश्रम, ८८!" दुसरा म्हणणार, "अहो, रिझवीचे आकडे बघा आधी." मग एखादे काका गळ्यातली मफलर सारखी करत गावस्करांच्या झेवियर्सपासून सुरुवात करणार, आणि तुमची सातची लोकल गेलीच समजा.

भांडण मजेचं आहे, पण त्याच्या आत एक खरा प्रश्न दडलाय. शाळेचा संघ मोठा कशाने होतो? धावांनी? पुढे किती पोरं भारताकडून खेळली त्यावरून? की त्या वर्षी, त्या मैदानावर, समोर जे कोण होतं त्यांना कसं हरवलं त्यावरून? यातलं माप कुठलं लावता, त्यावर उत्तर बदलतं. आणि मला वाटतं आपण बहुतेक वेळा चुकीचं माप लावतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पुण्या-नागपूरचे ऐकणारे दर वेळी विचारतात की हे हॅरिस आणि गाइल्स म्हणजे नक्की काय. मुंबईतल्या आंतरशालेय क्रिकेटच्या या दोन मोठ्या स्पर्धा. हॅरिस शिल्ड थोरल्यांची, म्हणजे सोळा वर्षांखालची. गाइल्स शिल्ड धाकट्यांची, चौदा वर्षांखालची. हॅरिस हे नाव लॉर्ड हॅरिस यांचं, १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते ते. दोन्ही स्पर्धा शंभर वर्षांहून जुन्या आहेत. सामने मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन भरवते, आणि यातले कितीतरी आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इथे होतात. एकाच मैदानावर शेजारी शेजारी पाच-सहा सामने चालू असतात. आपल्या सामन्यातला पॉइंटचा क्षेत्ररक्षक दुसऱ्यांच्या सामन्यातल्या फाइन लेगच्या खांद्याला खांदा लावून उभा. बाहेरगावच्या माणसाला कोण कुठल्या सामन्यात आहे तेच कळत नाही.

आता एक नियम नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. हे सामने दोन-तीन दिवसांचे असतात आणि हरला तो बाहेर. दोन्ही डाव पूर्ण झाले नाहीत तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो पुढे जातो. म्हणजे पहिल्या डावात जेवढ्या धावा ठोकाल तेवढं तुम्ही सुरक्षित. मुंबईच्या पोराला "विकेट फेकू नकोस रे" हे आईच्या "जेवलास का" इतक्या वेळा ऐकायला मिळतं, त्याचं अर्धं कारण हा नियम आहे. खडूस क्रिकेट वगैरे जे आपण म्हणतो ना, त्याची मुळं इथे आहेत.

बरं, आता दावेदार.

जुन्यांमध्ये पहिलं नाव फोर्टातल्या सेंट झेवियर्स हायस्कूलचं. सुनील गावस्कर ताडदेवच्या चिखलवाडीतले, शाळा झेवियर्स. त्याच शाळेत त्यांच्या बरोबरीने मिलिंद रेगे, तेही पुढे मुंबईचे कर्णधार झाले. १९६६ साली गावस्करांची देशातला सर्वोत्तम शाळकरी क्रिकेटपटू म्हणून निवड झाली होती. दादरच्या हिंदू कॉलनीतलं किंग जॉर्ज, आताचं राजा शिवाजी विद्यालय, ही दिलीप वेंगसरकरांची शाळा. शिवाजी पार्कचं बालमोहन संदीप पाटलांचं. दादरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत गेलात तर वीस मिनिटांत तीन-चार कसोटीपटूंच्या शाळा लागतात. पण मंडळी, या शाळांबद्दल बोलताना आपण संघाबद्दल बोलतच नाही, एका पोराबद्दल बोलतो. गावस्कर होते म्हणून झेवियर्स. ही यादी शाळेच्या फळ्यावर लावायला छान आहे. संघ म्हणून दावा करायला पुरेशी नाही.

माटुंग्याच्या डॉन बॉस्कोची गोष्ट मात्र वेगळी. फारुख इंजिनियर त्याच शाळेचे, पण मी सांगतोय ती १९७६-७७ची. ७६ला डॉन बॉस्को गाइल्स शिल्डच्या अंतिम सामन्यात पोचलं आणि सेंट मेरीजकडून हरलं. सेंट मेरीजकडे शिशिर हट्टंगडी आणि जिग्नेश संघानी होते, दोघेही पुढे रणजी खेळले. पुढच्या वर्षी डॉन बॉस्कोचा कर्णधार होता रवी शास्त्री. ७७ला त्यांनी गाइल्स शिल्ड जिंकली, शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. मला ही गोष्ट आवडते, कारण यात विक्रम वगैरे काही नाही. हरलेला संघ वर्षभराने परत आला आणि जिंकला, बस. कट्ट्यावर कुणी डॉन बॉस्को ७७चं नाव घेत नाही. घ्यायला हवं.

आता येऊ शारदाश्रमकडे. सावकाश सांगतो, कारण ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि त्यातला महत्त्वाचा भागच गळतो.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शिल्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रमची पहिली फलंदाजी, २ बाद ८४. तिसऱ्या क्रमांकाचा विनोद कांबळी खेळतोय, वय सोळा. दुसरी विकेट पडल्यावर सचिन तेंडुलकर आत येतो, वय चौदा. त्यानंतर शारदाश्रमची विकेट पडलीच नाही. डाव घोषित केला तेव्हा धावफलक २ बाद ७४८. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. भागीदारी ६६४.

हिशेबी मंडळी लगेच विचारतील, ३४९ आणि ३२६ मिळून ६७५ होतात, मग भागीदारी ६६४ कशी? सोपं आहे. सचिन आला तेव्हा कांबळीच्या नावावर आधीच काही धावा होत्या. ८४ मध्ये ६६४ मिळवा, बरोबर ७४८ येतात.

त्या आधी कुठल्याही दर्जाच्या क्रिकेटमधली सर्वात मोठी भागीदारी होती ६४१ धावांची, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात, १९१३-१४च्या मोसमात, पॅटन आणि रिपन या दोघांची. म्हणजे सुमारे पाऊण शतक टिकलेला विक्रम दादरच्या शाळेतल्या दोन पोरांनी मोडला. हा विक्रम पुढे २००६ साली हैदराबादच्या शाळकरी मुलांनी ७२१ धावांची भागीदारी करून मोडला, तो भाग वेगळा.

आता गंमत ऐका. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण बाहेरून डाव घोषित करा म्हणून सांगत होते आणि ही दोघं त्यांच्याकडे बघतच नव्हती. बघितलं तर ऐकावं लागेल ना! शेवटी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आचरेकर सरांना फोन लागला. कांबळी ३४९ वर होता, त्याला साडेतीनशे पूर्ण करायचे होते. सरांनी सांगितलं, डाव घोषित करा. एक धावसुद्धा नाही.

कट्ट्यावर ही गोष्ट सरांच्या कडकपणाची म्हणून सांगतात. माझ्या मते ती क्रिकेटच्या शहाणपणाची आहे. ७४८ धावा फळ्यावर आहेत, पण सामना अजून जिंकलेला नाही. समोरच्यांना बाद करायला वेळ हवा. आणि तो कुणी केला? त्याच कांबळीने. ऑफस्पिन टाकून ३७ धावांत ६ विकेट. झेवियर्स सर्वबाद १४५. ३४९ धावा आणि ६ विकेट, एकाच सामन्यात, सोळाव्या वर्षी. ६६४ चा आकडा लहान मुलालाही पाठ असतो, ही ६ विकेटची गोष्ट विचारा, दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसते.

पुढे अंतिम सामना अंजुमन-इ-इस्लामविरुद्ध, सीसीआयच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. त्यात सचिन नाबाद ३४६. म्हणजे उपांत्य आणि अंतिम, दोन्हींत त्रिशतक आणि दोन्हींत नाबाद.

"मग झालं की! विषय संपला." थांबा. रिझवीवाल्यांचं ऐकून घ्यायला हवं.

वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्डने २००९ नंतरच्या काही वर्षांत जे केलं ते आकड्यांच्या भाषेत शारदाश्रमच्या पुढचं आहे. २००९ला सर्फराज खान, हॅरिस शिल्ड, इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेविरुद्ध ४३९. २०१०ला अरमान जाफर, गाइल्स शिल्ड, ४९८. नोव्हेंबर २०१३ला पृथ्वी शॉ, हॅरिस शिल्ड, आझाद मैदान, सेंट फ्रान्सिस डी'असिसी या बोरिवलीच्या शाळेविरुद्ध ३३० चेंडूंत ५४६. त्या डावात रिझवीच्या धावा ९९१. हजाराला नऊ कमी! सर्फराज आणि पृथ्वी दोघंही पुढे कसोटी खेळले, आणि पृथ्वीने तर २०१८ साली राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक काढलं. म्हणजे "पुढे किती पोरं भारताकडून खेळली" हे माप लावलं तरी रिझवी शारदाश्रमच्या बरोबरीने उभं राहतं.

मग मी रिझवीला का निवडत नाही? एकच प्रश्न विचारतो म्हणून. समोर कोण होतं?

बोरिवलीची ती शाळा आपल्या पहिल्या डावात ९२ धावांत बाद झाली होती. ९३वी धाव काढली तेव्हाच रिझवीला आघाडी मिळाली. उरलेल्या जवळजवळ नऊशे धावा सामन्यासाठी नव्हत्या. पोरांना मोठ्या डावाची सवय लागावी म्हणून असतील, निवड समितीच्या डोळ्यांत भरावं म्हणून असतील, आणि त्यात पोराची काही चूक नाही, त्याला चेंडू टाकला तो त्याने मारला. पण संघ किती भारी हे त्यातून कळत नाही. हेच टोकाला नेलं तर काय होतं ते जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला दिसलं. के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे नाबाद १००९, डाव ३ बाद १४६५ वर घोषित. समोर आर्य गुरुकुल, दोन डावांत ३१ आणि ५२. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय. १८९९ साली इंग्लंडमध्ये कॉलिन्स नावाच्या शाळकरी मुलाने केलेल्या नाबाद ६२८चा विक्रम मोडला, जगभर बातमी झाली, आणि त्या पोराने चेंडू खरोखर तडाखेबंद मारले. पण के. सी. गांधी हा आजवरचा सर्वात भारी शाळकरी संघ, असं कल्याणमध्येसुद्धा कुणी म्हणत नाही. का? कारण आपल्याला मनातून माहीत आहे की धावांचा आकडा एकटा काही सांगत नाही.

आता हेच माप शारदाश्रमला लावू. समोर झेवियर्स. गावस्करांची शाळा, हॅरिस शिल्डच्या उपांत्य फेरीत पोचलेली. गोलंदाजीला साईराज बहुतुले, वय पंधरा. त्या दिवशी त्याने २७ षटकांत १८२ धावा दिल्या आणि एकही विकेट मिळाली नाही. हा मुलगा पुढे भारताकडून कसोटी खेळला आणि प्रथम श्रेणीत सहाशेहून जास्त विकेट काढल्या. म्हणजे ते ६६४ एका पुढच्या कसोटी गोलंदाजासमोर आले. मला वाटतं सचिन-कांबळीच्या कौतुकात बहुतुलेंचं हे श्रेय राहून जातं. एवढा मार खाल्ल्यावर पंधराव्या वर्षी दुसऱ्या दिवशी परत चेंडू हातात घ्यायचा, ही काही छोटी गोष्ट नाही.

पण शारदाश्रमवर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. तो संघ "शाळेचा" होता का?

सचिन मूळचा शारदाश्रमचा नव्हे. वांद्र्याला साहित्य सहवासात घर, तिथल्याच न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकत होता. आचरेकर सरांनी सुचवलं म्हणून शाळा बदलली, आणि मैदान जवळ पडावं म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला. कांबळी कांजूरमार्गहून लोकलने येत असे. अमोल मुझुमदारही खारच्या शाळेतून शारदाश्रमला आला. सरांची दिवसभराची शाळा भवानी शंकर रोडला नव्हतीच, ती शिवाजी पार्कवर होती, कामत मेमोरियल क्लबच्या नेटमध्ये. स्टंपवर एक रुपयाचं नाणं, बाद न झाल्यास ते तुझं. आणि सरांची स्कूटर. एका मैदानावरचा सामना संपला की सचिनला मागे बसवून दुसऱ्या मैदानावर, तिथला संपला की तिसऱ्यावर. २०१३ला वानखेडेवर निवृत्तीच्या भाषणात सचिनने ती स्कूटर आठवली होती.

म्हणजे एका जबरदस्त प्रशिक्षकाने मुंबईभरातली पोरं एका शाळेत आणली, असं म्हणता येईल. डॉन बॉस्कोवाले हे म्हणतातच, आणि त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. फक्त मग तोच न्याय रिझवीलाही लावा. पृथ्वी शॉ विरारहून वांद्र्याला खेळायला यायचा. गुणी पोरगं दिसलं की चांगल्या संघाची शाळा त्याला जागा देते, ही मुंबईची जुनी रीत आहे. मला त्यात खटकतं ते एवढंच की गिरगाव, परळ, लालबागच्या साध्या शाळेत एखादं चांगलं पोर निघालं, तर त्या शाळेच्या नशिबी त्याला निरोप देणंच येतं. स्पर्धेत शाळा शंभर असतात, पण शेवटच्या फेऱ्यांत तीच चार-पाच नावं दिसतात.

तरी शारदाश्रमच्या बाजूने एक पुरावा असा आहे की आक्षेप घेणाऱ्यालाही हसू येईल. सचिनने स्वतः अनेकदा सांगितलेला किस्सा. सरांनी त्याच्यासाठी एक सामना ठरवला होता, तो चुकवून हा वानखेडेवर हॅरिस शिल्डचा अंतिम सामना बघायला गेला. तिथे सर भेटले आणि एक सणसणीत लगावली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला येतील असं खेळ, असं काहीसं त्यांचं म्हणणं. किस्सा सगळे सांगतात तो त्या थप्पडीसाठी. मी सांगतोय तो वेगळ्या कारणासाठी. त्या अंतिम सामन्यात खेळत कोण होतं माहितीये? शारदाश्रम इंग्रजी विरुद्ध शारदाश्रम मराठी! एकाच शाळेची दोन माध्यमं, हॅरिस शिल्डच्या अंतिम सामन्यात समोरासमोर. दोन पोरांच्या जिवावर असं होत नाही. त्यासाठी खाली पोरांची रांग लागावी लागते.

आणि ती रांग म्हणजे काय, हे त्या ६६४ च्या दिवशीच दिसलं होतं. पुढचा फलंदाज पॅड बांधून आझाद मैदानावर बसला होता. एक दिवस गेला, दुसऱ्या दिवसाची जेवणाची सुट्टी आली, डाव घोषित झाला, याने पॅड सोडले. वय तेरा. हा अमोल मुझुमदार. सहा वर्षांनी, १९९४ला, याने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणी पदार्पणातला तेव्हाचा जागतिक विक्रम. कारकिर्दीत अकरा हजारांहून जास्त प्रथम श्रेणी धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून तोच होता.

तर माझं मत. ज्या संघात असा फलंदाज पाचव्या क्रमांकावर वाट बघत बसतो, ज्याचा त्रिशतकवीरच सहा विकेट काढतो, आणि समोर बहुतुले असतो, तो संघ सर्वात भारी. शारदाश्रम ८८. ६६४ मुळे नाही, ६६४ सोडून बाकी जे होतं त्यामुळे. दुसरा नंबर मी डॉन बॉस्को ७७ ला देतो, आणि यावर मला शिव्या येणार हे माहीत आहे. रिझवी तिसरं. झेवियर्स, किंग जॉर्ज, बालमोहन यांच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या संघांचा हिशेब मात्र आपल्यातल्या जुन्या माणसांनीच करायला हवा. घरात कुणाकडे त्या वर्षांची वर्तमानपत्री कात्रणं असतील, धावफलकाचे फोटो असतील, तर पाठवा. नुसतं "आमच्या वेळी" चालणार नाही, समोर कोण होतं तेही लिहा. तीन-चार चांगले धावफलक जमले की त्यावर वेगळा भाग करू.